मागच्या जन्मीचं काहीतरी आहे आमचं : दोन पुरुषांच्या प्रेमाचे अनुभव लिहा

परवा वटपौर्णिमा झाली, ग्रुपवर सात जन्मांचे तेच ते गुळगुळीत विनोद फिरले आणि माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळला. बाईला सात जन्म तोच नवरा मागायची सोय आहे, पण पुरुषाला पुरुष हवा असेल तर त्याने कुठल्या झाडाला दोरा गुंडाळायचा? सध्या मी थाई मालिका बघतोय, त्यात तर हा साचाच आहे. मागच्या पिढीत दोन मुलांचं प्रेम, घरच्यांनी तोडलं, दोघं मेले, आता परत जन्माला आले आणि कँटीनमध्ये एकमेकांना बघून एकाच्या डोळ्यातून घळाघळा पाणी, का ते त्याचं त्यालाच माहीत नाही. आधी हसलो, मग मीही रडलो. (थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून असं लग्न कायदेशीर आहे, म्हणजे तिकडच्या पात्रांना आता मरायची गरज नाही, लेखकांना कळवा कुणीतरी.)

तर धागा यासाठी. कुणाला एखाद्या पुरुषाबद्दल असं वाटलंय का, की हा माणूस या जन्मीचा नाहीच? किंवा दुसऱ्या कुणी तुमच्याबद्दल तसं म्हटलंय का? मानता की नाही यावर भांडण नको, अनुभव लिहा. नाव, गाव, ऑफिस टाकू नका, समोरच्याचं तर अजिबात नको.

*

सांगलीकडचा, वय साठीकडे

टायपिंग मुलानं शिकवलं, पण तो हे वाचणार नाही अशी आशा.

आमची भेट माऊलींच्या पालखीत. दिवेघाट चढताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, मी पिशवीतली सुतळी काढून दिली, एवढंच. पुढं नीरेला पादुकांचं स्नान झालं तेव्हा आम्ही शेजारीशेजारी उभे, तो चिंब भिजलेला, आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. रात्री एका पालात पंधरावीस माणसं दाटीवाटीनं झोपायची, त्यात आमच्या वळकट्या शेजारी पडायच्या, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात, फुगड्या घालतात, कोण कुणाला किती वेळ भेटला हे मोजायला तिथं कुणी बसलेलं नसतं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, घोडा गेल्यावर लोक टापांखालची माती उचलायला धावले, त्यानं मूठभर माती आणली आणि आधी माझ्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. आमच्या दिंडीचे विणेकरी म्हातारे बघत होते. म्हणाले, "ह्यांचं मागल्या जन्मीचं काहीतरी ऱ्हायलंय, माऊली फेडून घेतायत."

त्या एका वाक्यावर आम्ही आयुष्य काढलं. दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, पण तो आला की बायको म्हणायची तुमचे गेल्या जन्मीचे पाहुणे आले, आणि चहाचं आधण ठेवायची. तिला किती कळलं होतं मी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आमच्या गावात ह्या गोष्टीला दुसरं नाव पडलं असतं तर ऊसतोडीच्या कोयत्यानं निकाल लागला असता, पूर्वजन्म म्हटलं की लोक हात जोडून गप बसतात. २०२० साली वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, त्याच सालात तो करोनानं गेला. मयतीला कुणालाच जाता येत नव्हतं म्हणून मी का आलो नाही हेही कुणी विचारलं नाही.

*

धागाकर्ता : दादा, काय लिहू कळत नाही. राम कृष्ण हरी.

*

पुणे, आयटीवाला

माझा अनुभव एवढा हळवा नाही, सॉरी. मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर, आम्ही हौसेनं पास्ट लाइफ रिग्रेशनला, म्हणजे संमोहनात मागचा जन्म आठवायच्या सेशनला गेलो. डोळे मिटा, जिना उतरा, एकेक पायरी, खाली दार आहे, दार उघडा, काय दिसतंय? मला दगडी चौथरा, घोडा, पगडी, म्हणजे अर्थात पेशवाई. पुण्यात दार उघडलं की पेशवाईच निघते, अजूनपर्यंत एकही माणूस भेटला नाही जो गेल्या जन्मी शनिवारवाड्यात पाणी भरत होता. त्याला दिसला समुद्र आणि गलबत, तो म्हणे पोर्तुगीज. म्हणजे मी मराठा आणि तो वसईचा फिरंगी, १७३९ ला आमची गाठ पडली असणार. रिक्षात बसेपर्यंत आम्ही हसत होतो.

दुसऱ्या सेशनला मात्र मी एकटा होतो आणि सेशन घेणाऱ्या बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या तू मागच्या जन्मी स्त्री होतास, ती गाठ सुटली नाही म्हणून तुला पुरुष आवडतात, अजून काही सेशन्स केले की ती ओढ निघून जाईल, मग लग्नाचं बघता येईल. फी आधीच्या दुप्पट. मी घरी येऊन खरंच आठवडाभर विचार करत बसलो की जाऊ का, कारण तेव्हा आईचा रोज फोन असायचा.

नंतर कळलं ते इथं लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामाला येईल. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्येच जाहीर सांगितलंय की समलैंगिकता हा आजार नाही, आणि नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपी (ही ओढ 'बरी' करायचे उपचार) म्हणजे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन असं राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय. पण ह्या बाई डॉक्टर नव्हत्याच, त्यामुळे त्यांना कोण विचारणार हा प्रश्न आहेच. पूर्वजन्माचं गोड गोड ऐकायला जाल तर जरा जपून.

*

नाशिकची एक आई

मी वाचनमात्र असते पण वरचं वाचून राहवलं नाही. मुलाने घरी सांगितलं तेव्हा आम्ही पण आधी पत्रिकाच काढली. ज्योतिषांनी पितृदोष काढला आणि त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करा म्हणाले. तीन दिवसांचा विधी, कोरी पांढरी वस्त्रं, कणकेचा नाग करून त्याचं क्रियाकर्म, मुलगा बिचारा सगळं मुकाट्याने करत होता आणि त्याचा तो मित्र तिन्ही दिवस बाहेर बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसलेला. मला तेव्हा त्याचा राग यायचा.

घरी आल्यावर सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, त्यांनी विषयच मिटवला. म्हणाल्या, "अगं, सात जन्म हाच नवरा दे म्हणून तू पण दोरे गुंडाळलेस ना, मग सातही जन्म तू बाईच होणार आणि तो बाप्याच होणार हे कुणी लिहून दिलंय? कधी उलटं होईल, कधी दोघी बाया येतील, कधी दोघं बाप्ये. ह्या पोरांचा हा तो जन्म." मी अवाक. एम.ए. झालेल्या मला हे सुचलं नव्हतं. आमचे हे अजून नीट बोलत नाहीत त्या मुलाशी, पण दिवाळीला त्यालाही उटणं लावायचं असं सासूबाईंनी फर्मान काढलंय.

*

एकजण : आजींना साष्टांग. हे वकिलांना सुचायला हवं होतं.

*

अंनिसवाला प्रियकर (हे त्यानेच ठेवलेलं नाव)

मी विवेकवादी घरातला, शाळेत असताना चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायचो, आणि देवाने (!) मला असा माणूस दिला जो दर तीन महिन्यांनी कुठेतरी उभा राहून "मी इथे आलेलो आहे" म्हणतो. सगळ्यात मोठं भांडण मेणवलीला झालं. नाना फडणवीसांचा वाडा बघून आम्ही मागे कृष्णेच्या घाटावर उतरलो, तिथे ती मोठी घंटा आहे वसईच्या स्वारीतली, तिच्याखाली हा उभा राहिला, कठड्यावर हात ठेवला आणि एकदम गप्प. मग म्हणाला आपण दोघं इथे बसायचो, तू त्या तिकडच्या पायरीवर, आणि मी तुला सोडून गेलो होतो. डोळे भरलेले. मी म्हटलं अरे सोन्या, हा घाट तू अर्धा डझन हिंदी सिनेमात बघितलायस, वाईच्या आसपास निम्मं बॉलिवूड येऊन गेलंय. झालं, परत येताना पाचवडपर्यंत अबोला.

मग त्याने मला नागपूरची शारदा केस काढून दाखवली. जुन्या लोकांना आठवत असेल, सत्तरच्या दशकात एक मराठी बाई मधूनमधून अस्खलित बंगाली बोलायला लागायच्या आणि मी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची शारदा म्हणायच्या, मराठी तेव्हा कळायचंच नाही. पुनर्जन्माचे संशोधक इयान स्टीव्हन्सन अमेरिकेतून येऊन गेले, सतवंत पसरिचा यांनी अभ्यास केला, पेपर लिहिले. मी म्हटलं त्या बाईंनी आधी थोडं बंगाली शिकलेलं होतं हेही वाच. आणि स्टीव्हन्सनच्या बहुतेक केसेस लहान मुलांच्या आहेत, दोन ते पाच वर्षांची पोरं बोलतात आणि शाळेत जायला लागली की विसरतात, तुला बरं चौतिसाव्या वर्षी पोहे खाऊन आठवलं. तो म्हणाला पुराव्याचं राहू दे, मी तुला सोडून गेलो होतो हे मला वाटतं ना, मग या वेळी नाही जाणार एवढं तरी घे.

आता याला काय उत्तर आहे सांगा. मी अजून एक टक्का मानत नाही. पण त्याला बंगळुरूची चांगली ऑफर आली होती ती त्याने नाकारली आणि कारण मेणवली सांगितलं, तेव्हा मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण दिलं नाही. स्वार्थी आहे मी, दुसरं काय.

*

नाव नको

वरचे सगळे नशीबवान. माझ्याकडे पूर्वजन्म नाही, पुढचा जन्म आहे, तो पण उधारीवर.

२००९ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला तेव्हा आम्ही हॉस्टेलला होतो, एकाच खोलीत, त्याने गुपचूप पेढे आणले होते आणि विंगमध्ये नोकरी लागली म्हणून वाटले. डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, ते संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत जिवंत. त्याच्या घरी मुली बघणं चालूच होतं. तो मला भेटायला आला आणि म्हणाला आपलं नातं जन्मोजन्मीचं आहे रे, या जन्मी घरच्यांचं बघतो, पुढच्या जन्मी नक्की. वर मलाच रडत मिठी मारली. सहा सप्टेंबर २०१८ ला ३७७ गेलं त्या दिवशी त्याचा फक्त एक हार्ट आला व्हॉट्सॲपवर. डीपीत बायको आणि दोन मुलं.

मला त्या बाईचं वाईट वाटतं, तिला यातलं काहीच माहीत नाही. आणि मला कुणी जन्मोजन्मी म्हटलं की सरळ कानाखाली द्यावीशी वाटते. जन्म सोड, रविवारी संध्याकाळी मोकळा आहेस का ते सांग.

*

तैवानमध्ये नोकरीला, मूळ डोंबिवली

विषय निघालाच आहे तर इकडचं सांगतो. न्यू तायपेईत गल्लीबोळात एक छोटं ताओ मंदिर आहे, सशाच्या देवाचं. २००६ ला सुरू झालं, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष इथे जोडीदार मागायला येतात. गोष्ट अशी की चीनच्या फुजियान भागात हू तियानबाओ नावाचा एक माणूस एका सरकारी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडला, चोरून बघताना सापडला, अधिकाऱ्याने त्याला मारून टाकलं. मग तो गावातल्या एकाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला पाताळातले अधिकारी माझी गोष्ट ऐकून हसले, पण मी कुणाचं वाईट केलं नाही म्हणून मला या कामावर नेमलंय. अठराव्या शतकात ही गोष्ट लिहिलेली आहे. मला आवडलं ते हे की तो बदला घ्यायला परत जन्मला नाही, खातं सांभाळायला बसला.

माझा बॉयफ्रेंड इथला. त्याची आई मला पहिल्यांदा भेटली तेव्हा मी घामाघूम, आणि ती फक्त म्हणाली एका होडीतून नदी ओलांडायला दहा वर्षांची पुण्याई लागते, एका उशीवर डोकं ठेवायला शंभर वर्षांची, म्हणजे तुम्ही दोघांनी बरंच काही केलेलं दिसतंय, जेवून घ्या. ही इकडची जुनी म्हण आहे, नवराबायकोसाठी वापरतात. इथे मे २०१९ पासून लग्नाचा कायदा आहे. आमचं ठरतंय, डोंबिवलीत सांगायचं बाकी आहे. त्या नाशिकच्या आजींचा नंबर मिळेल का?

*

मुंबई, पन्नाशीतले दोघं

लिहितोय मी, शेजारी बसून चुका काढतोय तो. आमच्यात पूर्वजन्माचं वेड मलाच. तो म्हणतो एवढ्या वर्षांत तू गॅसचं बटण बंद करायला शिकला नाहीस म्हणजे हा आपला पहिलाच जन्म असणार.

ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या हक्काबद्दल सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, त्या रात्री आम्ही जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कागद काढले. मृत्युपत्र झालं, मेडिक्लेमचं अडलंय ते अडलंयच. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्रालयाने खुलासा केला की आपल्यासारख्यांना जॉइंट अकाउंट उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही अडचण नाही, मग गेलो बँकेत. काउंटरवरच्या मुलीने नॉमिनीशी नातं या रकान्यावर पेन थांबवलं आणि विचारलं, काका काय लिहू? मी तोंड उघडणार तेवढ्यात हा म्हणाला, "पार्टनर लिहा. ह्यांना विचाराल तर चार जन्मांची हकीकत सांगतील, मागे लाइन आहे."

*

धागाकर्ता : काका, कागदपत्रं काय काय लागली ते पण लिहा ना, इथे बऱ्याच जणांना हवंय.

*

मुंबई, पन्नाशीतले दोघं : दोघांचं आधार, पॅन, फोटो, नेहमीचंच केवायसी. आणि खात्याच्या नॉमिनेशनचा फॉर्म. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' वर टिक करायला विसरू नका, म्हणजे एक गेला तर दुसऱ्याला खातं चालवता येतं. नाही म्हणाले तर वाद घालू नका, अर्थमंत्रालयाच्या खुलाशाची प्रिंट बरोबर न्या आणि मॅनेजरसमोर ठेवा.