बॅडमिंटनच्या छायाचित्रांसाठी आधी कॅमेरा घ्यावा की लेन्स?

प्रश्न: बंदिस्त सभागृहातील बॅडमिंटन सामन्यांची माझी छायाचित्रे अस्पष्ट येतात. माझी झूम लेन्स लांब टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). नवा कॅमेरा घ्यावा की लेन्स?

उत्तर १: माझ्या मते लेन्स. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ वापरल्यास सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) न वाढवता शटरचा वेग १/२५० वरून १/१००० सेकंदावर नेता येतो, आणि धावता खेळाडू स्पष्ट टिपायला साधारण एवढा वेग हवाच. (स्मॅशच्या वेळी रॅकेट तरीही अस्पष्टच दिसेल, मला ते आवडते.) ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स महाग आणि जड असते. कोर्टाजवळ उभे राहता येत असेल, तर झूम नसलेली ८५ मिमी एफ/१.८ लेन्स पुरेशी ठरते.

उत्तर २: खरेदीपूर्वी जुनी छायाचित्रे मोठी करून पाहावीत. मागची भिंत रेखीव आणि खेळाडू अस्पष्ट असेल, पण त्याच्या कडा फरफटलेल्या नसतील, तर दोष फोकसचा आहे. त्यासाठी सतत फोकस ठेवणारा पर्याय निवडावा. कंपनरोधक सुविधेवर मात्र विसंबू नये, कारण ती हाताचा कंप सावरते, खेळाडूची हालचाल नव्हे.

प्रश्नकर्ता: पाहिले. कडा फरफटलेल्याच आहेत, म्हणजे दोष फोकसचा नसून कमी शटरवेगाचा आहे, तेव्हा ८५ मिमी लेन्स आधी भाड्याने घेऊन पाहतो.