नान्नजच्या माळावर सायकलसाठी शांत रस्ता हवाय, रविवारी निघायचंय

चाकजोडी (धागाकर्ता)
रविवारी पहाटे निघायचंय आणि रस्ता अजून ठरत नाहीये. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास ट्रकची कटकट नसलेला, शक्यतो गोल फिरून परत येणारा रस्ता हवा. बार्शी रोड नको. नकाशात दिसलेला एक आडवा रस्ता धरून पाहिला, तो थेट तुरीच्या शेतात संपला. कृपया फक्त मार्ग सांगा. हेल्मेट, पाणी वगैरे माहीत आहे.

माळरान
निघणार कुठून? सायकल कोणती, टायर किती रुंद? एकूण किती किलोमीटर? हे कळल्याशिवाय मार्ग सांगण्यात अर्थ नाही.
शेतात संपलेल्या रस्त्याबद्दल: नकाशात पाणंद आणि डांबरी रस्ता सारखाच दिसतो. उपग्रहाचं चित्र लावून मोठं करा. डांबरी असेल तर सलग करडी रेघ दिसते. पाणंद असेल तर दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी. चाकोऱ्या एखाद्या विहिरीपाशी किंवा वस्तीपाशी थांबल्या की पुढे रस्ता नाही असं समजा.

एकरुख
बार्शी रोड का नको? सोलापूर ते नान्नज जेमतेम २० किमी. साडेपाचला निघा, उजाडायच्या आत पोहोचाल. पहाटे रस्ता मोकळा असतो.

माळरान
एकरुख, उसाच्या गाळपाच्या दिवसांत हा सल्ला देऊ नका. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा लाल दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. सांडलेली कांडी चाकाखाली आली की सायकल सरकते, अंधारात ती दिसतही नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे साडेपाचला निघून सगळा प्रवास अंधारातच.

एकरुख
मागे लाल दिवा, पुढे चांगला दिवा आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट असेल तर काही होत नाही.

माळरान
तुमच्या दिव्याने तुम्ही दिसाल. ट्रॉली दिसणार नाही. प्रश्न तिचा आहे.

चाकजोडी
जुळे सोलापुरातून निघणार. साधी सायकल. ४० किमीपर्यंत चालेल. मार्ग सांगता का कुणी?

कुडल
अहो, जुळे सोलापुरात राहून नान्नजला कशाला जाता? सगळं शहर ओलांडावं लागेल. दक्षिणेला या की! हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीनेचा संगम आहे. तिथल्या मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे वाचेल तो विजयी होईल, अशी त्याची अखेर. सोलापूरकरांनी एकदा तरी सायकलवर जाऊन तो वाचलाच पाहिजे.

एकरुख
शिलालेख उत्तमच आहे. पण जाऊन येऊन ८० किमीच्या आसपास होतात, दादांनी ४० म्हटलंय.

सराटा
मार्ग कुठलाही घ्या, त्या भागात पंक्चर ठरलेलं. दोन प्रकारचे काटे. सराटा लहान असतो, रस्त्याच्या कडेच्या मुरमात पडलेला, आणि कसाही पडला तरी एक टोक वर. तो उपटला की लगेच हवा जाते. दुसरा वेड्या बाभळीचा. तो टायरच्या आत मोडून बसतो आणि ट्यूब बदलली तरी दहा मिनिटांत पुन्हा भोक पाडतो. म्हणून टायर आतून जुन्या कापडाने गोल पुसायचं. कापड अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, कापेल.
कायमचा उपाय म्हणजे ट्युबलेस. ३५ मिमीच्या टायरला ५० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

पानापक्कड
‘साधी सायकल’ लिहिलंय त्यांनी, ट्युबलेस कुठून बसवणार? उगाच खर्चात पाडू नका. ट्यूब आणि टायरच्या मधे जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला. पट्टीच्या कडा तासून पातळ करा, नाहीतर त्या कडेनेच ट्यूब घासून फाटते.
चाकजोडी, साधी म्हणजे गिअर नसलेली का? व्हॉल्व्ह कोणता? पातळ, लांब व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याला बसत नाही. पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

वनवाट
पंक्चरवर एवढं चाललंय म्हणून मधे लिहितोय. अभयारण्याच्या गवताळ तुकड्यांत सायकल घालू नका. १९७९ साली हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा क्षेत्र ८,४९६ चौ. किमी होतं, पुढे ते १,२२२ चौ. किमीवर आणलं. एवढ्या क्षेत्रात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. त्यामुळे एकच कुंपण, एकच फाटक असा प्रकार नाही. खासगी शेतांच्या अधेमधे वनखात्याचे माळ आहेत. गावांना जोडणारा सार्वजनिक रस्ता वापरायला हरकत नाही, पण चर किंवा तारेचं कुंपण दिसलं की पलीकडे परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही.
माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच. घरटं म्हणावं असं काही नसतंच. चाकाखाली काय आलं हे कळणारही नाही. पावसाळ्यात तर त्या बाजूला आडवाटा नकोतच.

सराटा
आत्ता माळढोक दिसेल का पण?

वनवाट
तो दिसेल म्हणून जाऊ नका, फार थोडे उरलेत. हिवाळ्यात गवतावरून खाली खाली तरंगत जाणारे भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, बघा. काळवीट रस्त्यावरूनही दिसतात. सायकलवर बसूनच बघा, उतरून चालत निघालात की कळप पळतो.

चाकजोडी
सगळ्यांचे आभार, पण मार्ग अजून मिळाला नाही. गिअर नाही, २६ इंची चाक, जाड टायर, साधा व्हॉल्व्ह. दोन सायकली आहेत, दुसरी मुलीची. ती आठवीत आहे.

माळरान
दादा, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! मग सगळंच बदलतं.
घरापासून सायकलवर निघू नका. शहर आणि बार्शी रोड हा भाग छोट्या टेम्पोने करा. सायकली आडव्या ठेवताना चेनची बाजू वर आणि दोन्हींच्या मधे गोणपाट. उजाडल्यावर नान्नजला उतरा आणि मार्डीचा रस्ता धरा. मार्डीला यमाईचं देऊळ आहे, थांबायला सावली मिळते. गोल फिरायचा हट्ट सोडा. आल्या वाटेने परत या, म्हणजे चुकायची भीती नाही.
अंतर मोजू नका, वेळ मोजा. बिनगिअरच्या सायकलवर मुलीचा वेग ताशी १२ धरा. पाऊण तास झाला की जिथे असाल तिथून फिरा. एकूण १८ किमी होतील, तिला पुरेत. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून असतो आणि ऊन चढलं की वाढतो. निघताना तोंडावर असेल तर चांगलंच, येताना पाठीवर मिळेल. जाताना पाठीवर असेल तर पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासातच फिरा.
रस्त्यावर तूर वाळत घातलेली असेल तर उतरून कडेने जा. चाक सरकतं आणि शेतकऱ्याचा मालही चिरडतो. मेंढ्यांचा कळप आला तर कुत्री धावून येतात. पळवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, मेंढपाळाला हाक द्या. मुलीला हे आधी सांगून ठेवा.

एकरुख
मुलगी बरोबर असेल तर माझं पहाटेचं म्हणणं मागे घेतो. माळरान यांचं बरोबर आहे. खायला शेंगापोळी घ्या, ना सांडते ना बिघडते.

पानापक्कड
अशा सायकलचं मागचं चाक नटावर असतं, बहुधा १५चा पाना लागतो. पण चाक काढायची गरजच नाही. सायकल आडवी करा, टायरची एक बाजू उघडा, ट्यूब ओढून भोक शोधा. पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच उन्हात सुटतो, नव्वद टक्के लोक इथेच चुकतात.

चाकजोडी
टेम्पो ठरवला. मार्डीच्या बाजूने पाऊण तास, मग परत. पट्टी कापायला ट्यूब जुनी कुठलीही चालेल ना? घरात २८ इंचीची पडून आहे.

पानापक्कड
चालेल. व्हॉल्व्हच्या जागेचा तुकडा टाकून द्या, तिथे रबर जाड असतं. रात्रीच बसवून हवा भरा आणि सकाळी दाबून बघा.