सोसायटी ग्रुप : आडवी बाटली

*वैशालीताई (ए-४०२):* कालपण तेच. मुलगी क्लासहून येत होती, कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानापुढे तिघं भररस्त्यात ग्लास घेऊन उभे. चकण्याची पाकिटं आपल्या गेटपर्यंत. दुकान बंद करायचा सह्यांचा कागद वॉचमनकडे पडून आहे, कोणी बघितला का?

*नाना (बी-१०१):* माझ्या जागेवर पांढरी गाडी कोणाची? काढा.

*पंकज:* ताई, मागे निवेदन दिलं, पेपरात फोटो आला. उलट दुकानाची जाहिरात झाली 😄

*भंगाळे वहिनी:* फोटोत सगळ्यात पुढे कोण होतं भाऊ?

*सर (सी-२०३):* निवेदनाने दुकान हलत नाही. वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. उत्पादन शुल्कवाले त्या तपासतात, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. आणि निम्म्याहून जास्त मतं हवीत ती यादीतल्या एकूण बायकांच्या. घरी बसली तिचं मत उभीलाच गेलं समजा.

*सेक्रेटरी:* धन्यवाद सर. सोसायटीचं लेटरहेड यासाठी वापरू नये ही नम्र विनंती. गणपतीचा मंडप दुकानवालेच देतात, हेही लक्षात असू द्या.

*वैशालीताई:* मंडप दहा दिवस, दुकान बारा महिने.

*आप्पा:* आमच्या शहाद्याकडे १९७२ नंतर श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायांनी गुत्त्यावर जाऊन दारूची मडकी फोडली. त्यांच्याकडे कुठलं लेटरहेड होतं भो?

*पंकज:* आप्पा, मडकी आणू का? भरीताची वांगीपण आणतो, शनिवारी गच्चीवर पार्टी.

*किरण:* कोरडी का ओली? 😜

*नाना (बी-१०१):* पांढरी गाडी. तिसऱ्यांदा सांगतोय.

*भंगाळे वहिनी:* नाना, तुमच्या जावयाची आहे ती. सकाळीच आले ना!

*वैशालीताई:* कागद आणला. ३४ सह्या, पण वॉर्डाच्या यादीत त्यातली नावं फक्त ११. बाकीच्या चोपडा, पारोळा, यावलच्या मतदार.

*भंगाळे वहिनी:* त्यात मी पण. ह्यांनी स्वतःचं नाव इथे आणलं, माझं गावीच ठेवलं. सरपंचकीला मत लागतं म्हणे.

*सर (सी-२०३):* यादीतलं नाव इथे आणायला फॉर्म ८ भरा, मोबाईलवरून होतो. पण खरी मतं मागच्या वस्तीत आहेत. दुकानाचा त्रास आपल्यापेक्षा त्या बायांना जास्त.

*आप्पा:* आन उन्हाळ्यात आपणच त्यांचं बोअरचं पाणी तोडलं. आता कोणत्या तोंडानं सह्या मागता?

*सेक्रेटरी:* पाण्याचा ठराव बहुमताने झाला होता. इथे चर्चा नको.

*वैशालीताई:* मी सातला वस्तीत जातेय. पाण्याचं विचारलं तर पुन्हा सोडू म्हणून सांगणार.

*भंगाळे वहिनी:* मी येते.

*सेक्रेटरी:* परस्पर काही कबूल करू नका!

*भंगाळे वहिनी:* मग तुम्हीच चला ना सोबत.

*सेक्रेटरी:* मी भुसावळला आहे.

*किरण:* साहेब, आत्ता तर लिफ्टमध्ये भेटलात 🙏