वर्षभर वाचलेले आठवत नाही. नोंद नेमकी कशाची ठेवावी?

गंगापूर रोडचा वाचक

नमस्कार. गेल्या जानेवारीत मी एक दोनशे पानी वही घेतली आणि वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक आणि संपवल्याची तारीख तीत लिहीत गेलो. डिसेंबरअखेर 38 नोंदी झाल्या. परवा रविवारी सकाळी ती वही उघडून मी एकेका नावावर बोट ठेवत, त्या पुस्तकातले काय आठवते ते पत्नीला सांगू लागलो, आणि 11 नावांपाशी पार अडलो. त्यांतली एक कादंबरी मी मे महिन्यात दोन रात्रींत संपवली होती, आज तिच्या नायिकेचे नावही सांगता येत नाही. मला याचे खरोखर वाईट वाटले.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ फेब्रुवारीत सुरू केली ती जूनमध्ये संपली. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा. ओळखीच्या गावांची नावे आली की मी थांबत असे आणि मागची पाने पुन्हा चाळत असे. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्या बाईच्या मनाची जी ओढाताण झाली, ती मला आजही प्रसंगांसकट सांगता येते. वहीत मात्र दोन्ही पुस्तकांना सारखीच एकेक ओळ मिळाली आहे.

माझा प्रश्न असा की, वर्षाच्या वाचनाकडे मागे वळून पाहायचे तर नोंद कशाची ठेवावी? आणि जे विसरले, ते वाचन वाया गेले असे समजावे का?

पंचवटीतील निवृत्त शिक्षिका

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे, म्हणून आधी विसरण्याविषयी लिहिते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच स्मरणाचे मोजमाप केले आणि ते 1885 मध्ये प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे तो मंदावत जातो, हे त्यातून दिसले. अर्थपूर्ण मजकूर त्यामानाने बराच टिकतो. तेव्हा मे महिन्यातली कादंबरी डिसेंबरात आठवत नाही यात आपला काही दोष नाही. दोन रात्रींत संपवून आपण तिच्याकडे पुन्हा वळला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

नोंद कशाची ठेवावी या आपल्या प्रश्नासाठी 2006 मधला रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग अधिक उपयोगी आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेले आढळले. म्हणून माझे सांगणे असे की, पुस्तक संपल्याच्या दिवशी काहीही लिहू नये. चार दिवस जाऊ द्यावेत आणि मग पुस्तक मिटलेले ठेवून, मनात जे राहिले असेल ते पाच-सहा ओळींत लिहावे. उतारे उतरवून काढण्याचा मोह आवरावा, कारण उतरवताना हात चालतो आणि मन स्वस्थ बसते. माझ्याकडे अशा वह्या आहेत. एका थोर चरित्रापुढे मी केवळ ‘त्यांची आई दिवा लावताना कधी बोलत नसे’ एवढेच लिहिले आहे, आणि तेवढ्या धाग्याने ते सारे घर माझ्यापुढे उभे राहते.

नाशिकरोडचा पासधारक

शिक्षिकाबाईंनी सांगितलेली रीत चांगली आहे, पण प्रत्येक पुस्तकाला ती लावावी हे मला पटत नाही. मी नोकरीसाठी बरीच वर्षे मुंबईला रोज ये-जा केली आणि माझे बहुतेक वाचन रेल्वेच्या डब्यातले आहे. संध्याकाळी परतताना कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन जोडत, तेव्हा हलकासा धक्का बसे आणि मी पुस्तकावरून नजर वर करी. 1:37 चा, म्हणजे 37 फुटांना एक फूट असा, तो चढ आणि त्यातले बोगदे संपेपर्यंत वाचलेलेच मनात घोळवत बसायचे, अशी सवय लागली. कित्येक पुस्तके मी विसरलो, तरी दिवसभराच्या शिणानंतर त्यांनी मला माणसांत ठेवले. त्यांचे काम त्या प्रवासातच पूर्ण झाले. त्यांना वाया गेलेले म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र आपल्या वहीतली एक उणीव दाखवतो. त्यात फक्त संपवलेली पुस्तके आहेत. अर्धवट सोडलेल्यांची नोंद नसेल तर वर्षाचा हिशेब अपुरा राहतो. मी सोडलेल्या पुस्तकापुढे पान क्रमांक आणि सोडण्याचे कारण लिहितो. गेल्या वर्षी अशी सात निघाली, आणि त्यांतल्या चारांपुढे एकच कारण होते: घरात आजारपण. ती पुस्तके वाईट नव्हती, वेळ वाईट होती. त्यांतली दोन मी यंदा पुन्हा घेतली आणि आवडीने संपवली.

सिडकोतील सभासद

थोडक्यात लिहितो. आमच्या गटात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेची पुस्तकांची पेटी येते. पेटी बदलण्याच्या दिवशी आम्ही सगळे जमतो आणि पुस्तक परत करताना प्रत्येक जण त्याविषयी दोन वाक्ये तरी बोलतो. ज्यांच्याविषयी मी बोललो ती मला आठवतात, ज्यांच्याविषयी शेजाऱ्याने माझ्याशी वाद घातला ती तर अधिकच. तात्या, तुम्ही वही पत्नीला वाचून दाखवलीत, तोच खरा उपाय आहे. फक्त तो वर्षाकाठी एकदा न करता पुस्तकागणिक करावा.

गंगापूर रोडचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पासधारकांनी सांगितल्याप्रमाणे वहीच्या मागच्या बाजूने अर्धवट पुस्तकांसाठी पाने आखली आहेत आणि आठवतील तशी पाच नावे लिहिली आहेत.

शिक्षिकाबाईंची रीत मी त्या मे महिन्यातल्या कादंबरीवर करून पाहिली. आपल्या सार्वजनिक वाचनालयातून (1840 पासून ते या गावात उभे आहे, याचा मला नेहमी आधार वाटतो) तीच प्रत पुन्हा आणली. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर माझी मे महिन्यातली तारीख तशीच होती. पुस्तक न उघडता आठवेल ते लिहायला बसलो. बराच वेळ काही सुचेना. मग एक विहीर आठवली, तिच्यावरचा मोडका रहाट, आणि काठाशी घागर टेकवून उभी असलेली एक म्हातारी. एवढेच लिहिता आले.

त्यानंतर पुस्तक उघडून तो भाग शोधला. विहीर आहे, म्हातारीही आहे, पण रहाट कुठेच नाही. दोनदा वाचून पाहिले. तो मोडका रहाट सिन्नरजवळच्या आमच्या जुन्या मळ्यातला आहे, लहानपणी पाहिलेला, आणि गेली कित्येक वर्षे मला तो आठवलाही नव्हता. वहीत त्या कादंबरीच्या नावापुढे मी आता हेच लिहून ठेवले आहे.