क्वालीत टीममेटला हरवलं म्हणजे नक्की काय सिद्ध होतं? (१२-७ चं ७-७ कसं होतं ते बघा)

पिटलेन_पाटील

परवा शनिवारी एफ१ ची क्वाली (पात्रता फेरी, एका लॅपच्या वेळेवरून रविवारच्या रेसमधली सुरुवातीची जागा ठरते) बघताना मित्राशी कडाक्याचं वाजलं, चहा तसाच गार. विषय नेहमीचाच, हॅमिल्टन. त्याचं म्हणणं २०२४ ला मर्सिडीजमध्ये टीममेट रसेलने त्याला क्वालीत १९-५ धुतला, विषय संपला, एका लॅपवरचा वेग गेला म्हाताऱ्याचा. मी म्हटलं बाबा रे १९-५ हा काय कबड्डीचा स्कोअर आहे का, प्रत्येक शनिवारी काय झालं ते बघ की जरा. त्याच वर्षी पॉइंट्स बघितले तर रसेल २४५ हॅमिल्टन २२३, रेसेस दोघांनी दोन दोन जिंकल्या. मग १९-५ चं नक्की करायचं काय?

रात्री बसून २०१४ चा सीझन काढला कारण त्यात मोजायला सोपं आहे. १९ क्वाली, १८ पोल (क्वालीतली पहिली जागा) मर्सिडीजचे, एक ऑस्ट्रियाचा तेवढा विल्यम्सच्या फेलिपे मासाने मारला. हॅमिल्टनचा तेव्हाचा टीममेट रॉसबर्ग, त्याचे ११, हॅमिल्टनचे ७, आणि ऑस्ट्रियातही रॉसबर्ग तिसरा, हॅमिल्टन नववा. म्हणजे १२-७ रॉसबर्ग. एफआयएने (खेळाची नियामक संस्था) त्याच वर्षी पोल ट्रॉफी सुरू केली होती, तीही त्यालाच मिळाली. आता चाळणी लावू.

जर्मनीत हॉकेनहाइमला क्यू१ मध्ये (क्वालीचा पहिला टप्पा) हॅमिल्टनची ब्रेक डिस्क तुटली, थेट भिंतीत. पुढच्याच रेसला हंगेरीत क्यू१ मध्ये गाडीने पेट घेतला. दोन्हीत त्याचा काडीचा दोष नाही. काढा. १०-७.

मोनॅको. शेवटची फेरी चालू, रॉसबर्ग मिराबो कॉर्नरला ब्रेक लॉक करून एस्केप रोडमध्ये घुसला, पिवळे झेंडे (पुढे धोका, वेग कमी करा), मागून येणाऱ्या हॅमिल्टनचा लॅप पाण्यात. फरक ०.०५९ सेकंद. स्टुअर्ड्सनी (रेसचे पंच) रॉसबर्गला निर्दोष सोडलं, ठीक आहे, पण लॅप तर गेलाच ना. काढा. ९-७.

सिल्व्हरस्टोनला ट्रॅक सुकत होता, हॅमिल्टनने शेवटचा लॅप अर्ध्यात सोडून दिला आणि पहिल्यावरून सहावा झाला. ऑस्ट्रियात एक लॅप ट्रॅक लिमिट्समध्ये उडाला (गाडी ट्रॅकबाहेर गेली म्हणून रद्द), दुसऱ्यात गाडी फिरली. दोन्हीकडे वेगाची तुलना झालीच नाही. ७-७!

आणि हॅमिल्टनच्या सातांत सिंगापूर आहे, ०.००७ सेकंदांचा. सरासरी वेगाने हिशोब केला तर एक फूटभर अंतर येतं. पाच किलोमीटरच्या लॅपमध्ये एक फूट, आणि हेड टू हेडमध्ये त्याची किंमत पूर्ण एक.

तर माझं म्हणणं असं की स्कोअर फेकून द्या. दोघंही ज्या शेवटच्या सेशनमध्ये धावले त्यातला फरक टक्क्यांत घ्या (सेकंदांत नको, ऑस्ट्रियाच्या लहान लॅपमधले दोन दशांश आणि स्पाच्या सात किलोमीटरमधले दोन दशांश सारखे कसे?), बिघाड, पाऊस, पिवळे झेंडे वगळा आणि सीझनचा मीडियन (ओळीने लावल्यावर मधला आकडा) काढा. असं केलं तर या खेळात ड्रायव्हर मोजायला क्वालीइतकी चांगली जागा दुसरी नाही. बोला.

गिअरबॉक्स_गणपत

मोनॅकोपर्यंत तुझ्याबरोबर होतो. पुढे तू सरळसरळ लबाडी केलीस 😄

लॅप सोडून देणं आणि गाडी फिरवणं हे दुर्दैव नाही, ड्रायव्हिंग आहे. परीक्षेत लाइट गेली तर गोष्ट वेगळी, पण पेपर अर्धा सोडून उठलास म्हणून तो विषयच मार्कशीटवरून काढायचा होय? आणि काढायचंच तर मग चीनला रॉसबर्गने शेवटच्या कॉर्नरला गाडी फिरवली होती आणि चौथा आला होता, ते हॅमिल्टनच्या सातांत धरलंयस ना? तेही काढ. ७-६ रॉसबर्ग. झालं, आला परत पुढे.

तुझ्या एकाच सीझनमध्ये १२-७ पण निघतं, ७-७ पण निघतं, ७-६ पण. चाळणी तुझ्या हातात आहे तोवर पीठ तुला हवं तसंच पडणार. त्यापेक्षा कच्चा स्कोअर बरा, तो निदान कुणाच्या बाजूने नसतो.

सुपरसॉफ्ट

+१ गणपत. आणि पाऊस का काढायचा? २०१४ ला ऑस्ट्रेलिया, मलेशिया, चीन तिन्ही क्वाली ओल्यात झाल्या, तिन्ही हॅमिल्टनच्या. दुसऱ्या बाजूला सिल्व्हरस्टोन आणि स्पा, रॉसबर्ग. हॅमिल्टनचे फॅन एरवी छाती ठोकून सांगतात की पावसात खरा ड्रायव्हर कळतो आणि त्यांचाच एक्सेल म्हणतो पावसाचं धरू नका. एकदा काय ते ठरवा राव.

मोनॅको८८

मी ज्या काळापासून बघतोय तेव्हा रेस केबलवर पण लागत नव्हती, पेपरात चार ओळी यायच्या, तर एक जुनी गोष्ट सांगतो. १९८८ चं मोनॅको, सेन्ना आणि प्रॉस्ट, दोघांकडे एकच मॅक्लारेन होंडा. क्वालीत फरक १.४२७ सेकंद! टीममेटला दीड सेकंद. आज कुणी दिला तर त्या टीममेटला सोमवारी घरी पाठवतील. आणि रविवारी काय झालं, सेन्ना आरामात पुढे असताना ६७ व्या लॅपला पोर्तिए कॉर्नरला भिंतीत गेला आणि प्रॉस्टने शांतपणे रेस नेली.

त्या सीझनला पोल सेन्ना १३, प्रॉस्ट २. पण एकूण पॉइंट्स प्रॉस्टचे १०५, सेन्नाचे ९४. प्रॉस्ट शनिवारी सुद्धा गाडी रविवारच्या रेससाठीच जुळवायचा. त्याला क्वालीत मोजणं म्हणजे वनडेचा फिनिशर पॉवरप्लेच्या स्ट्राइक रेटने मोजणं.

पिटलेन_पाटील

@मोनॅको८८ काका पण चॅम्पियन कोण झाला ते सांगायचं राहिलं 😀 सेन्ना! कारण तेव्हा १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरायचे, ते ९०-८७ असं काहीतरी

मोनॅको८८

९०-८७, ती बेरीज १०५ वाल्याला ऐकवून बघ. सेन्नाचे ९० धरले आणि प्रॉस्टचे ८७, हे बरोबर आहे. आणि तू अजाणता स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास. बघ, एफआयएची पण चाळणीच होती. फरक एवढाच की ती सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगितलेली होती. तू निकाल बघून भोकं पाडतोयस.

ऋजुता_वाकड

सगळे पाटलांच्या मागे लागलेत म्हणून मी त्यांच्या बाजूने. आम्ही ऑफिसचे सातआठ जण महिन्यातून एकदा कार्टिंगला जातो. सगळ्या कार्ट "सेम", असं तिथला माणूस शपथेवर सांगतो. नऊ नंबरची मिळाली की आमच्यातला सगळ्यात ढ माणूस पण अर्धा सेकंद पुढे. एकदा मी त्याच्याशी कार्ट बदलली आणि निकाल जागच्या जागी उलटा झाला, त्यानंतर चिठ्ठ्या टाकायला लागलो. तर गाडी सारखी असणं ही इतकी दुर्मिळ गोष्ट आहे की एफ१ मध्ये ती जिथे जवळपास मिळते ती जागा सोडून कशी द्यायची? रविवारी काय काय मिसळतं बघा, स्टार्ट, सेफ्टी कार, पिटस्टॉपला नट अडकला, कुणाला आधी पिटमध्ये घेतलं, ट्रॅफिक. शनिवारी एक रिकामा लॅप, नवे सॉफ्ट टायर, कमीत कमी पेट्रोल. ही जागा स्वच्छ नाही मान्य, पण रविवारपेक्षा शंभरपट स्वच्छ आहे.

ऑरेंजसिटी_रेसर

काहून बे, गाडी सारखी असते हे कोणी सांगितलं ताई तुम्हाला? २०२५ चा रेड बुलचा त्सुनोडा बघा. इमोलाच्या क्यू१ मध्ये गाडी उलटवली पोट्ट्यानं, बार्सिलोनाला क्वालीत शेवटचा, सगळे म्हणाले याच्यात काही दम नाही. स्पाला त्याला नवा फ्लोअर (गाडीचा तळ) भेटला अन् थेट सातवा! अचानक ड्रायव्हर शिकला का बे? २०२४ च्या मोनॅकोला मर्सिडीजकडे नवीन पुढचं विंग एकच होतं, ते रसेलच्या गाडीवर. तो पण १९-५ मधला एक.

(हॅमिल्टनचा फॅन नाही मी, आधीच सांगतो.)

गिअरबॉक्स_गणपत

मग अबू धाबीचं पण सांग की. हास टीमच्या गाडीने उडवलेला बोलार्ड (ट्रॅककडेचा खुंट) हॅमिल्टनच्या गाडीखाली अडकला आणि तो क्यू१ मध्येच बाद. पण असे किती काढशील? चार काढ, पाच काढ, १४-५ तरी उरतंच. २०१४ मध्ये चाळणीने निकाल फिरला कारण ते दोघं खरोखरच जवळ होते. २०२४ मध्ये चाळणी लाव नाहीतर फडक्याने गाळ, रसेलच पुढे. म्हणून म्हणतो कच्चा स्कोअर पुरतो.

ऋजुता_वाकड

@गणपत हे मात्र पटलं. पण उलटं बघा ना, कच्चा स्कोअर कुठे पुरतो आणि कुठे नाही हे तुम्हाला चाळणी लावल्यावरच कळलं 🙂

सुपरसॉफ्ट

करुण चंढोक, बहारीन २०१०. पूर्ण प्रॅक्टिस गॅरेजमध्ये, मेकॅनिक गाडीच जोडतायत. त्या गाडीत तो पहिल्यांदा बसून ट्रॅकवर गेला तो थेट क्वालीत! टीममेट ब्रुनो सेन्नापेक्षा (१९८८ वाल्या सेन्नाचा भाचा) दीडेक सेकंद मागे. पाटील तुमच्या एक्सेलमध्ये याचं काय होतं? बिघाड म्हणून काढणार? गाडी तर चालली. धरणार? मग लाज वाटू द्या. मला तर तो दीड सेकंद १.४२७ पेक्षा भारी वाटतो.

पिटलेन_पाटील

चंढोक धरत नाही, अशा लॅपला सलाम ठोकतात, मोजत नाहीत.

बाकी काकांचं आणि गणपतचं मान्य. सिल्व्हरस्टोन आणि ऑस्ट्रिया मी परत टाकतोय, ९-७ रॉसबर्ग. स्वतः फिरवलेली गाडी धरायची, मग चीनही आपोआप हॅमिल्टनकडे राहतं. पाऊस पण धरतो, सुपरसॉफ्टने पार लाज काढली. बिघाड आणि दुसऱ्यामुळे आलेले पिवळे झेंडे एवढंच काढायचं. आणि पुढच्या सीझनचे नियम पहिल्या क्वालीच्या आधी इथेच लिहून टाकतो, नंतर एक अक्षर बदलणार नाही. मीडियनवर मात्र ठाम आहे, फूटभराला पूर्ण एक गुण मी देणार नाही.

गिअरबॉक्स_गणपत

लिहायच्या आधी एक सोडवून दाखव. हंगेरी २००७, मॅक्लारेनमध्ये हॅमिल्टन आणि अलोन्सो टीममेट. पेट्रोल जाळायच्या लॅप्सना (तेव्हा क्वालीत आधी पेट्रोल जाळून गाडी हलकी करायचे) हॅमिल्टनने अलोन्सोला पुढे सोडलं नाही, म्हणून अलोन्सो पिटमध्ये हिरवा कंदील मिळाल्यावर पण दहाएक सेकंद तसाच उभा राहिला आणि मागे अडकलेल्या हॅमिल्टनचा शेवटचा लॅप हुकला. वेळेत अलोन्सो पहिला, मग पाच जागांची शिक्षा होऊन सहावा, रेस हॅमिल्टनने नेली. बिघाड नाही, झेंडा नाही. रकान्यात कुणाचं नाव?

पिटलेन_पाटील

...उद्या सांगतो

मोनॅको८८

सहा तास झाले "उद्या सांगतो" ला, एक्सेल उघडून बसला असणार बिचारा.

ऑरेंजसिटी_रेसर

त्यांचा बॉस रॉन डेनिसचं नाव लिही बे अन् झोप 😂