घारापुरी शंभर टक्के सौर? आधी जुलै-ऑगस्टचा हिशेब मांडा

खाडीपट्टा
काल इथेच सागरगोटा यांनी लिहिलं: "घारापुरीच्या वीज केबलवर २५ कोटी समुद्रात घातले. तेवढ्यात अख्खं बेट सौर झालं असतं. अजूनही केबलचा पुरवठा बंद करा आणि बेट पूर्ण सूर्यावर चालवा." खाली नुसती वाहवा. एकानेही आकडा मागितला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

दोनशे घरं धरू, घरटी रोज ४ युनिट, म्हणजे ८००. हॉटेलं, टपऱ्या, पाण्याचे पंप, दिवाबत्ती मिळून आणखी ४००. रोजचे १२०० युनिट झाले. आपल्या किनाऱ्यावर एक किलोवॉट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. सगळे इथेच थांबतात: १२०० भागिले ४, तीनशे किलोवॉट, झालं काम. पण सरासरीवर फ्रीज चालत नाही. जुलै-ऑगस्टात तेच पॅनल २ युनिटांवर येतं, आणि झड लागली की सलग तीन-चार दिवस एकाच्या आसपास. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली १५ टक्के गळती धरली तर ऑगस्टसाठी ७०० किलोवॉट लागतात. तेवढं लावूनही झडीत रोज ६०० युनिटच मिळणार. चार दिवसांची तूट २४०० युनिट. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची म्हटली तर ३००० युनिटांची बॅटरी हवी. रोजच्या रात्रीसाठी हजार युनिटांची पुरते. वरची दोन हजारांची बॅटरी वर्षातून मोजक्या वेळा कामाला येणार, आणि वापरा किंवा न वापरा, म्हातारी होतच राहणार.

जागा? ७०० किलोवॉटला तीन एकर सपाट जमीन लागते. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय हात लावायचा नाही. उरलेलं बेट म्हणजे डोंगर, जंगल आणि कांदळवन. कुठे लावताय?

२०१८ च्या फेब्रुवारीत केबल येईपर्यंत तिथे संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर चालायचा. त्या लोकांना पुन्हा ढगाकडे बघत बसवू नका.

सागरगोटा
खाडीपट्टा साहेब, हिशेब नीट मांडलात, पण वारा पूर्ण गाळलात. आपल्याकडे ऊन कमी असतं तेव्हाच नैऋत्येचा वारा जोरात असतो. देशातल्या पहिल्या पवनचक्क्या १९८६ मध्ये उभ्या राहिल्या त्यात रत्नागिरीचा किनारा होता, तो उगीच नाही. चांगल्या जागी १० किलोवॉटची चक्की जुलैत दिवसाला ६०-७० युनिट देते. अशा सहा चक्क्या लावा, तुमच्या झडीतली बरीच तूट भरून निघते.

दुसरं, १२०० युनिट ही काळ्या दगडावरची रेघ नाही. स्कॉटलंडच्या एग बेटावर २००८ पासून स्वतःची वीज आहे. घराला एका वेळी ५ किलोवॉट, धंद्याला १०, त्यावर गेलं की मीटर ट्रिप, म्हणजे पुरवठा बंद. शंभरेक माणसांनी तो नियम पाळून दाखवलाय. पाण्याचे पंप दुपारी चालवले तर रात्रीची बॅटरी लगेच कमी लागते.

आणि केबल अमर आहे का? आजूबाजूला सतत जहाजांची ये-जा. नांगर ओढला गेला आणि केबल दुखावली तर बार्ज, पाणबुडे, जॉइंटिंग किट आणि शांत समुद्र, चारही एकत्र जुळावे लागतात. जूनमध्ये तुटली तर सप्टेंबरपर्यंत काय करणार?

खाडीपट्टा
एगचं उदाहरण देताना अर्धंच दिलंत. तिथे ओढ्यांवर जलविद्युत आहे, पावसाळी हवामानात ती कामाला येते. शिवाय डिझेल जनरेटर अजून ठेवलेले आहेत. कॅनरी बेटांतल्या एल हिएरोवर ११.५ मेगावॉटच्या पवनचक्क्या आणि वर-खाली दोन तलाव. तिथे सलग काही दिवस पूर्ण नवीकरणीय विजेवर काढलेत, पण वर्षाचा हिशेब निम्म्याच्या आसपास राहतो. दीवचं नाव कुणी घेण्याआधी सांगतो: दिवसाची गरज सौर भागवतं, रात्री गुजरातची लाईन आहेच.

वाऱ्याबद्दल: घारापुरी उघड्या समुद्रात नाही, बंदराच्या आत आहे. दोन टेकड्या आणि झाडी, त्यामुळे वारा घुसळून येतो. घुसळलेल्या वाऱ्यात छोट्या चक्कीचं शेपूट सारखं दिशा बदलतं, बेअरिंग जातं, पाती तडकतात. चक्कीच्या उंचीचा मास्ट (वारा मोजायचा खांब) उभारून पूर्ण वर्ष वारा मोजल्याशिवाय ६०-७० युनिट हा आकडा मी धरणार नाही.

तरीची_वाट
तिथेही टेकडी आहेच. दिवसा पाणी वर चढवा, रात्री खाली सोडा. बॅटरीच नको.

खाडीपट्टा
१०० मीटर उंचीवरून एक घनमीटर पाणी सोडलं तर टर्बाइनची गळती जाऊन जेमतेम ०.२ युनिट मिळतं. हजार युनिटांसाठी ५० लाख लिटर, वर एक टाकी आणि खाली तेवढीच दुसरी. मे महिन्यात बेटावर ते पाणी कुठून आणणार?

खांबावरचा
तुमचं बेट राहू द्या बाजूला. किनाऱ्यावर लोकांची जी फसगत चाललीय तिच्यावर कोणी बोलत नाही. तीन किलोवॉटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून गावोगाव छपरं भरतायत, आणि प्रत्येकाला वाटतंय की लाईट गेली तरी आपलं घर चालू राहणार. नाही चालू राहणार! नेट मीटरचा साधा इन्व्हर्टर लाईन गेली की दोन सेकंदांच्या आत बंद होतो. व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेला माणूस तुमच्या छपरावरच्या करंटने मरेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तशा वेळी छपरावर रखरखीत ऊन पडतं आणि खाली मोबाइल चार्ज होत नाही.

बॅकअप हवा तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, ५ युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या आणि फ्रीज, पंखे, दिवे वेगळ्या सर्किटवर काढून बॅकअपच्या टर्मिनलला जोडा. विहिरीचा पंप त्यावर टाकू नका. एक एचपीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. पंप घ्यायचाच असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटर हळूहळू वेगात आणणारं यंत्र लावा.

जांभा_चिरा
खांबावरचा दादा, पुढचं मी सांगतो, कारण कोकणात इन्व्हर्टर लाईन गेल्याने मरत नाहीत, विजांनी मरतात. आणि त्याचं कारण अर्थिंग. कातळावर जांभ्यात दोन फूट खड्डा, त्यात मीठ-कोळसा, एक जीआय पाइप, झालं अर्थिंग. पावसात ओल असते तेव्हा मीटर ४ ओहम दाखवतं, कंत्राटदार फोटो काढून जातो. एप्रिल-मेमध्ये जांभा वाळला की तोच खड्डा ४० वर जातो, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. वर मिठाने पाइप काही वर्षांत खाल्ला जातो.

ड्रिल करून तीन मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घाला, भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती भरा. एका रॉडने भागत नसेल तर तीन मीटर अंतर ठेवून दुसरा, तिसरा. मोजायचं मेमध्ये.

खांबावरचा
बरोबर. फक्त वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या रॉडचा खड्डा वेगळा ठेवायचा, पॅनलच्या अर्थिंगला जोडायचा नाही.

जांभा_चिरा
हेच! हेच ऐकून ऐकून डोकं फिरतं. रॉड वेगळे असू देत, पण जमिनीखालून पट्टीने सगळे एकमेकांना जोडलेच पाहिजेत. वीज पडली की वीजरोधकाच्या रॉडजवळची जमीन क्षणभर हजारो व्होल्टवर जाते आणि दहा फुटांवरचं पॅनलचं अर्थिंग कमी व्होल्टवरच राहतं. तो फरक इन्व्हर्टरच्या आतून वाट काढतो. बोर्ड फुटतो तो यामुळे. तुमच्यासारखे अनुभवी लोक हे सांगतात म्हणून पोरं तेच करतात.

खांबावरचा
आवाज खाली. तीन वेगळी अर्थिंग प्रत्येक टेंडरात छापलेली असतात. तपासणीला येणारा साहेब मोजून तीन खड्डे बघतो, नसतील तर कनेक्शन मिळत नाही.

जांभा_चिरा
तीन खड्डे ठेवा ना! मी कुठे नाही म्हणतो? खाली २५ बाय ३ ची पट्टी टाकून जोडा एवढंच. तपासणीलाही अडत नाही. आणि एसपीडीची (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणाऱ्या उपकरणाची) वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. हातभर गुंडाळी करून ठेवलेली एसपीडी असून नसल्यासारखी.

खांबावरचा
पट्टीचं मान्य. टेंडरात लिहून आलं तर आम्ही करू.

सुरंगी
अहो, मूळ विषय कुठल्या कुठे गेला. मला बेटाबद्दलच विचारायचंय. उभं करायला सगळे येतात, फोटो होतात. पाचव्या वर्षी नट कोण बदलणार? खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या फ्रेमला स्टीलचा बोल्ट थेट लावला की दोघांच्या मधे पांढरी पूड धरते आणि क्लॅम्प सैल होतो. मधे रबर किंवा नायलॉनचा वॉशर हवा, बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचाच हवा. वादळात पॅनल उडतं ते काच फुटून नाही, क्लॅम्प सुटून. त्यात घारापुरीची माकडं. लोंबती वायर दिसली की ओढणारच, म्हणून सगळं कंड्युइटमधून न्यायचं. नोव्हेंबर ते मे धूळ धुवायला गोडं पाणी हवं, खारं पाणी मारलं तर काचेवर थर बसतो.

सुंदरबनातल्या सागर बेटावर १९९६ पासून सौर मिनिग्रिड होते. पुढे ग्रिडची लाईन पोचली आणि लोक तिकडे वळले, कारण तिथे वीज चोवीस तास आणि स्वस्त. घारापुरीत तर ग्रिड आधीच पोचलेलं आहे. बचत गटाच्या बाईला खानावळीत हवी तेव्हा, हवी तेवढी वीज वापरायचीय. तिला तुम्ही एगसारख्या मर्यादेत बसवणार, आणि समोर केबल पडून आहे. ती ऐकेल का?

सागरगोटा
सुरंगीताई, हा प्रश्न रास्त आहे. मी केबल तोडा असं म्हणत नव्हतो, पुरवठा बंद करा म्हणत होतो. बरं, तेही सोडतो. केबल राहू द्या. पण बेट स्वतःच्या पायावर उभं राहील अशी सोय तरी करा. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. तिन्ही वाड्यांत शाळेचं छप्पर, ग्रामपंचायत, धक्क्याची शेड असं मिळून शंभर-सव्वाशे किलोवॉट बसेल. तीनशे युनिटांची बॅटरी. केबल गेली की दवाखाना, पाणी, रस्त्यावरचे दिवे आणि घरटी दोन पंखे चालले पाहिजेत.

खाडीपट्टा
याला माझा विरोध नाही. कालच्या पोस्टमध्ये हे लिहिलं असतं तर हा धागा काढावा लागला नसता. पण हेही बटण दाबण्याइतकं सोपं नाही. केबल तुटल्यावर बॅटरीच्या इन्व्हर्टरला ग्रिडची ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी स्वतः धरून ठेवावी लागते, साधे सौर इन्व्हर्टर त्याच्या मागे चालतात. दुपारी बॅटरी भरली की त्याने फ्रिक्वेन्सी थोडी चढवायची म्हणजे बाकीचे उत्पादन कमी करतात. छपरावरच्या इन्व्हर्टरमध्ये ही सेटिंग आधीच घातलेली नसेल तर ते वाढत्या फ्रिक्वेन्सीला एकदम बंद पडतात आणि पुन्हा चालू होतात, दिवसभर हाच खेळ.

खांबावरचा
आणि शॉर्ट सर्किटला काय होतं ते लिहा. ग्रिडवर शेकडो अँपिअर येतात, फ्यूज लगेच उडतो. इन्व्हर्टर मात्र स्वतःच्या क्षमतेच्या दीड-दोन पटीपलीकडे करंट देतच नाही. फ्यूज तसाच राहतो, लाईनवर माड पडलेला आणि तार जिवंत. वाडीवाडीचे फीडर (पुरवठ्याच्या लाईनी) लहान करा, कमी रेटिंगचे ब्रेकर आणि जमिनीत गळणारा करंट ओळखणारे अर्थ लीकेज ब्रेकर बसवा. ते झाल्याशिवाय माझा माणूस मी त्या खांबावर चढवणार नाही.

सागरगोटा
तेवढं करायचंच. पण डिझेल सेट नको हे माझं अजूनही ठाम मत आहे.

खाडीपट्टा
आणि माझं ठाम मत की एक ६० केव्हीएचा सेट हवाच, महिन्यातून एकदा लोडवर अर्धा तास चालवलेला. झडीच्या चौथ्या दिवशी दवाखान्यातला लसींचा फ्रीज कशावर ठेवणार ते सांगा.

सुरंगी
लसींसाठी आइस-लाइन्ड फ्रीज मिळतो. बर्फाचं अस्तर पूर्ण गोठलेलं असेल तर वीज नसतानाही दिवसभराहून जास्त थंडी धरतो. एवढ्याशासाठी ६० केव्हीए नको. पाण्याच्या पंपाचं बोला.