लोणार सरोवर वर्गात शिकवताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : नववीच्या मुलांची लोणारला सहल नेण्यापूर्वी २०२० च्या जूनमध्ये तेथील पाणी गुलाबी का झाले, हे त्यांना समजावून द्यायचे आहे. भूशास्त्र आणि पर्यावरण यांची सांगड कशी घालावी?

उत्तर १ : सुरुवात रंगापासूनच करावी. उन्हाळ्यात पातळी घटून क्षारता वाढली आणि गुलाबी रंगद्रव्य असलेले क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. विशेष म्हणजे, नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ दिसू लागले. मुलांना हे अवश्य सांगा, कारण रंग पाण्याचा नसून सजीवांचा आहे, हे त्यातून चटकन पटते.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र खडक विसरू नका. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकात, तयार झाले असून चंद्रावरही बेसाल्टमध्ये अशी विवरे असल्यामुळे तुलनेसाठी शास्त्रज्ञांना त्याचे मोल वाटते. सामू (pH, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारे माप) मोजण्याच्या पट्ट्या सोबत न्याव्यात आणि काठावरचा दगड कोणीही खिशात घालू नये, अशी सक्त ताकीद द्यावी.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. सरोवराकाठच्या गोड्या झऱ्याचे पाणी आणि सरोवराचे पाणी, दोन्हींचा सामू मुलांकडूनच मोजून घेईन.